लागला की लावला?

संध्याकाळच्या लोकलमध्ये माणसं फोनवर आपल्या उशिराचा हिशेब कसा देतात, हे ऐकण्याची मला सवय लागली आहे. मुद्दाम कान देत नाही. पण दाराशी दाटीवाटीने उभं राहिलं की दुसऱ्याचं बोलणं कानावर पडतंच. परवा शेजारच्या तरुणाने आधी घरी फोन केला. ‘‘वीस मिनिटं लागतील गं, तोवर कुकर लाव.’’ मग दुसरा फोन, बहुधा साहेबांना, कारण आवाज एकदम ताठ झाला. ‘‘सर, आय विल टेक ट्वेंटी मिनिट्स.’’

माणूस तोच, गाडी तीच, मिनिटंही तीच. पण घरी बोलताना ती मिनिटं त्याला लागणार होती आणि साहेबांशी बोलताना तो ती घेणार होता. व्याकरणाच्या पुस्तकाला विचाराल तर दुसऱ्या वाक्यात चूक काढता येणार नाही. तरीही कानाला ते जरा आगाऊ लागतं. वीस मिनिटं मी घेईन, तुम्ही थांबा, असा काहीसा सूर त्यात उमटतो. त्याला म्हणायचं होतं, ‘इट विल टेक मी ट्वेंटी मिनिट्स.’ म्हणजे घेणारा तो नव्हे, घेणारं दुसरंच कुणी.

हे दुसरं कुणी कोण, हा प्रश्न मला संध्याकाळच्या वर्गात हमखास विचारला जातो. मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवतो. मोठ्या माणसांचं एक बरं असतं, त्यांना शंका विचारायची लाज वाटेनाशी झालेली असते. ‘‘सर, ‘इट रेन्स’मधला ‘इट’ आणि ‘इट टेक्स’मधला ‘इट’ एकच का?’’ एक नाहीत. पाऊस पाडणारा ‘इट’ नुसता बुजगावण्यासारखा उभा असतो, त्याच्या मागे कुणी नसतं. ‘इट टेक्स’मधला ‘इट’ मात्र कुणासाठी तरी जागा धरून बसलेला असतो. ‘इट टुक मी टू डेज टू पेंट द डोअर.’ दार रंगवणं ही क्रिया वाक्याच्या शेवटी सावकाश चालत येते, तोवर तिची खुर्ची ‘इट’ने अडवून ठेवलेली असते. दोन दिवस घेतले ते दार रंगवण्याने. कुणाकडून घेतले? माझ्याकडून. याच साच्यात इंग्रजीत पैशाचंही वाक्य बसतं, ‘इट कॉस्ट मी टू हंड्रेड रुपीज.’ काम हात पुढे करून उभं असतं. त्याला कधी दिवस द्यायचे, कधी रुपये. १७४८ साली बेंजामिन फ्रँकलिनने तरुण व्यापाऱ्याला उपदेश करताना वेळेची नि पैशाची गाठ मारून दिली, ती पुढे सगळ्या जगाच्या तोंडी बसली. पण इंग्रजी वाक्यरचनेत तो सौदा असा रोज, बिनबोभाट चालू असतो.

मराठीत हे सगळं ‘लागणे’ सांभाळतं, आणि तिच्या घरी एक जास्तीची सोय आहे. ती मला घराघरांतल्या भांडणांत फार ऐकू येते.

‘‘किती वेळ लावलास!’’

‘‘लावला नाही, लागला.’’

या एका अक्षराच्या फरकावर किती जेवणं थंड झाली असतील! लावणारा माणूस असतो. लागताना माणूस नुसता समोर येतो. ‘तिला दोन तास लागले’ म्हटलं की आपण रस्त्यातले खड्डे, न आलेली रिक्षा, बँकेतली रांग असं सगळं तिच्या बाजूने मनातल्या मनात जमवू लागतो. ‘तिने दोन तास लावले’ म्हटलं की ती आरशासमोर उभी दिसते. इंग्रजीत हाच निवाडा ‘इट टुक हर टू अवर्स’ आणि ‘शी टुक टू अवर्स’ या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत होतो. फट बारीक आहे. लोकलमधल्या त्या मुलाचा पाय नेमका तिच्यात अडकला. इंग्रजीत आपल्याकडून होणाऱ्या चुकांपैकी काहींत व्याकरण शाबूत असतं, फक्त दोष कुणाचा ते बदलून जातं. असल्या चुका लाल शाईत सापडत नाहीत.

या ‘टेक’चं कूळ शोधायला गेलं तर मौज आहे. हा शब्द मूळचा इंग्रजांचा नाहीच. जुन्या इंग्रजीत घेण्याला ‘निमान’ म्हणत. जर्मनीत त्याचं भावंड ‘नेमेन’ अजून नांदतं आहे. पुढे उत्तरेकडून व्हायकिंग आले, आधी लुटायला आणि मग राहायला, आणि त्यांच्या बोलीतल्या ‘टाका’ने ‘निमान’ला हळूहळू घराबाहेर काढलं. घ्यायचा शब्द इंग्लंडला घेऊन जाणाऱ्यांनीच दिला, हे इतिहासाने मुद्दाम रचल्यासारखं वाटतं. ‘निमान’चे अवशेष राहिले ते चमत्कारिक ठिकाणी. थंडीने बोटं बधिर झाली की इंग्रज ‘नम’ म्हणतो. तो शब्द म्हणजे घेतलं गेलेलं, हिरावलेलं. बोटांतली जाणीव कुणीतरी काढून नेलेली.

पण मला थबकायला लावलं ते आणखी मागच्या एका पायरीने. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत नेलं. त्या भाषेत ‘टेक’चा जवळचा नातलग आहे, ‘तेकान’, आणि त्याचा अर्थ घेणे नाही. त्याचा अर्थ आहे स्पर्श करणे. म्हणजे हाताने आधी नुसतं शिवायचं, मग धरायचं, मग उचलून न्यायचं, असा तो शब्द सरकत गेला असावा. इकडे आपलं ‘लागणे’ संस्कृतातल्या ‘लग्’ धातूचं. चिकटणे, जडणे, शिवणे. ‘चुकून हात लागला’ म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ आजही जसाच्या तसा आपल्या जिभेवर असतो. दोन्ही शब्दांत रक्ताचं नातं काही नाही. तरी वेळेबद्दल बोलायला दोन दूरच्या भाषांनी जो शब्द उचलला, तो दोन्हीकडे स्पर्शापासून निघालेला आहे. इंग्रजीत त्या स्पर्शाची पुढे मूठ झाली. मराठीत तो स्पर्शच राहिला. वेळ येतो आणि आपल्याला लागतो, जशी भूक लागते, ऊन लागतं, ठेच लागते. यातलं काहीच आपण करत नाही. आपल्याला ते होतं.

आणि मराठीत वेळेला ‘लागणे’ इतक्या बाजूंनी येऊन बिलगलंय की इंग्रजी शिकवणाऱ्याचे हाल होतात. श्रावण लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागतो, मग शेतकरी आभाळाकडे बघू लागतो. ग्रहण लागतं. बाईला नववा लागतो. माणसाला साठावं लागतं. शाळेचा निकाल लागतो. इथे कुठेही ‘टेक’ चालत नाही. इथे काळाचा एक तुकडा येऊन आपल्या काठाला टेकतो आणि सुरू होतो. या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे लग्न. शब्दच ‘लग्’ धातूचा, म्हणजे जडलेलं. ते लावतात, ते लागतं, आणि ते अमुक वाजून तमुक मिनिटांनीच लागायला हवं असतं. पत्रिकेवर छापलेलं १२ वाजून ३५ मिनिटं हे भानगडीचं प्रकरण घड्याळांच्या आधी घटिकापात्राकडे होतं. घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची एक वाटी सोडायची, तिच्या तळाला बारीक भोक. त्यातून पाणी आत चढत जायचं आणि २४ मिनिटांनी वाटी भरून बुडायची. ती झाली एक घटका. अशा ६० घटकांचा दिवस. मांडवात कुणी तरी वडीलधारं त्या वाटीवर डोळा ठेवून बसलेलं असे. कुणाची ‘घटका भरली’ असं आपण आजही म्हणतो, ती हीच वाटी. वेळ मोजायचं हे साधन मला फार आवडतं, कारण त्यात वेळ पुढे पळत नाही, की खर्च होत नाही, भरत जातो. आताच्या कार्यालयांतली लग्नं मुहूर्तावर लागली तरी जेवणाचा हॉल तासांच्या हिशेबाने घेतलेला असतो. मॅनेजर आपली दुपारची पुढची बुकिंग सांगत फिरतो. त्याच्या घड्याळात घटका नसतात.

वेळ लागतो तसं सामानही लागतं, माणसंही लागतात. घर बांधायला किती सिमेंट लागलं, लग्नाला किती तांदूळ लागले, तसेच किती महिने लागले. वेळ हीसुद्धा एक लागणारी वस्तू. इथे ‘टेक’ आणि ‘लागणे’ पुन्हा बरोबरीने चालतात; इंग्रजीतही काम दहा पोती सिमेंट आणि सहा आठवडे एकाच दमात ‘टेक’ करतं. पण पुढे एका वळणावर त्यांची वाट फुटते. ते वळण मला भोर घाटात सापडलं.

पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. तेवढा वेळ गाडी थांबते, फलाटावर वड्यांची झुंबड उडते, एक हलकासा धक्का बसतो आणि माहीतगार प्रवासी पेपरातून डोकं न काढता म्हणतो, ‘‘लागलं.’’ चढ ३७ फुटांना एक फूट, एकट्या इंजिनाचं काम नव्हे. इंजिन लागायला वेळ लागतो, असं म्हणताना एकाच वाक्यात ते क्रियापद दोन वेगळ्या पोशाखांत येऊन जातं आणि आपल्या लक्षातही येत नाही. तर हा घाट बांधायला १८५६ ला सुरुवात झाली आणि १८६३ ला गाडी वर चढली. मधल्या काळात ठेका बदलला. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अॅलिस मायदेशी परतली नाही. तिने तो ठेका पुढे चालवला. दगड फोडणारे, बोगदे खणणारे हजारो मजूर होते आणि कॉलऱ्याच्या साथीत त्यांतले कितीतरी दगावले. इंग्रजी लिहिणारा हे एका क्रियापदात सांगू शकतो : ‘इट टुक सेव्हन इयर्स अँड थाउजंड्स ऑफ लाइव्ज.’ घाटाने वर्षं घेतली आणि जीव घेतले, घेणारा एकच. मराठीत असं लिहून बघा. ‘सात वर्षं लागली आणि हजारो माणसं लागली.’ याचा अर्थ हजेरीपटावर तेवढी नावं होती, इतकाच होईल. मेलेल्यांसाठी आपल्याला वाक्य मोडून दुसरं क्रियापद आणावं लागतं. माणसं गेली. इंग्रजी वाक्य जास्त खरं बोलतं की काय, असं मला तिथे वाटून गेलं. त्या वाक्यात ‘इट’ला निदान पकडता तरी येतं.

आपल्याकडे वेळ घेणं नाही असं मुळीच नाही. पण घेतला म्हणायचं की घेतली, तिथे जपून पाऊल टाकावं लागतं. डॉक्टरांची वेळ घेतली, तर आपण शहाणे पेशंट. डॉक्टरांचा वेळ घेतला, तर बाहेर ताटकळलेले बाकीचे पेशंट आपल्याला शहाणे म्हणत नाहीत. तीच अक्षरं; स्त्रीलिंगी झाली की घड्याळावरची एक खूण आणि पुल्लिंगी झाली की पसरलेला, खाल्ला जाणारा काळ. वेळ येते, वेळ जातो. अमराठी मित्रांना हे समजावताना माझी दमछाक होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, यांना म्हणे इंग्रजी अवघड वाटतं, असा भाव असतो. वेळ घेण्याचा सर्वांत उघड गुन्हा मात्र आपल्याकडे व्यासपीठावर घडतो. ‘मी आपला फार वेळ घेणार नाही,’ असं म्हणून जो उभा राहतो त्याच्यासारखा घेणारा दुसरा नाही. शेवटी आभार मानणारे गृहस्थ ‘आपण अमूल्य वेळ काढून’ म्हणतात. कुठून काढून, ते कुणी विचारत नाही. चहा वाट पाहत असतो.

‘टेक युअर टाइम’चं मराठी काय, असं मला एकदा विचारलं गेलं. पाठ्यपुस्तकी उत्तर सुचलं आणि मी ते गिळलं. पंगतीत यजमान वाकून म्हणतात ना, ‘सावकाश होऊ द्या.’ तेच. तिथे घेणं नाही, वेळ हा शब्दसुद्धा नाही. जेवणारा जेवत राहतो, वाढणारा वाढत राहतो आणि ते आपोआप होऊ द्यायचं असतं. अर्थात बुफेत हातात ताट घेऊन उभ्याने जेवणाऱ्याला हे म्हणायला जाऊ नये.

कामाला किती वेळ लागेल या प्रश्नाचं सर्वांत सुंदर चुकलेलं उत्तर मला शब्दकोशकारांच्या जगात सापडतं. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचं काम १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी हाती घेतलं, तेव्हा अंदाज होता दहा वर्षांचा. पाच वर्षांनी, १८८४ साली, पहिला भाग छापून आला तो ‘ए’पासून ‘अँट’पर्यंतचा. अर्ध्या मुदतीत माणसं मुंगीपर्यंत पोचली होती. संपूर्ण कोश पुरा झाला १९२८ मध्ये. मरे तोवर नव्हते. ते १९१५ साली गेले. घराच्या परसातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, कागदाच्या चिठ्ठ्यांनी ठासून भरलेल्या खणांसमोर त्यांचं आयुष्य गेलं. शेवटच्या वर्षांत त्यांच्या हाताखाली ‘टी’ हे अक्षर होतं. म्हणजे ‘टेक’ची नोंद त्यांचीच. त्या कोशात सर्वांत जास्त जागा अडवणाऱ्या क्रियापदांत ती मोडते. वेळ घेणे हा तिच्या अनेक अर्थांपैकी एक. तो लिहिताना त्यांनी उदाहरण म्हणून आपल्या कामाकडे क्षणभर तरी पाहिलं असेल का? आपल्याकडेही मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती काढून ‘लागणे’ बघावं. तिथेही तो शब्द पुढे सरकू देत नाही. अर्थातून अर्थ, उदाहरणातून उदाहरण. जे शब्द आपण विचार न करता दिवसातून पन्नास वेळा वापरतो, त्यांच्याच नोंदी कोशकाराला सर्वांत जास्त वेळ लावतात. की लागतो?

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ची कथा मी इथे सांगत नाही. ‘आय अॅम वेटिंग सिन्स टू अवर्स’ ऐकून भुवया उंचावणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की मराठी माणूस ‘दोन तास झाले, वाट बघतोय’ म्हणतो आणि त्याच्या वर्तमानकाळात मागचे दोन तास मजेत मावतात. इंग्रजीला त्याकरता वेगळा काळ काढावा लागतो. लागेना का. वर्गात मी नियम शिकवतो, वहीत दुरुस्ती करतो, आणि पुढे जातो.

‘किती वेळ लागेल?’ची आणखी एक जागा आहे, ती म्हणजे कुठलाही सरकारी काउंटर. तिथलं उत्तर दोन शब्दांचं असतं : ‘‘वेळ लागेल.’’ कुणाला, कशामुळे, किती, काही नाही. मागच्या माणसाची फाइलही त्याच दोन शब्दांखाली असते. पूर्वी मला वाटे, हा मराठीच्या कर्मणी स्वभावाचा दोष. मग परदेशातल्या एका कचेरीतून आलेलं पत्र हाती पडलं. त्यातही सहीच्या वर असंच एक गुळगुळीत ‘इट’ बसलेलं होतं. टेबलामागच्या माणसाला लपायला दोन्ही भाषांनी चांगली जागा करून दिली आहे.

हल्ली वर्गात काही नर्सेस येतात. परदेशी नोकरीसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतात. दिवसभराची ड्युटी करून आलेल्या, डब्यातला उरलेला चिवडा वाटत बसणाऱ्या, उत्तरं मात्र तडफदार देणाऱ्या. परीक्षेत रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी बोलण्याचा सराव लागतो, म्हणून आम्ही पाळीपाळीने पेशंट होतो. ‘हाऊ लाँग विल इट टेक?’ हा प्रश्न तर ठरलेला. जखम भरायला, प्लास्टर निघायला, रिपोर्ट यायला. एक्सरेसाठी ‘इट टेक्स’ म्हणायचं आणि सलाईनची बाटली किती वेळ पुरेल ते विचारलं तर ‘लास्ट्स’ म्हणायचं, एवढा भेद त्यांना एकदाच सांगावा लागला. रोजचा व्यवहार होता.

गेल्या खेपेला मी वेगळा प्रसंग दिला. रुग्ण गेला आहे. मुलगा बाहेर उभा आहे. त्याच्याशी दोन वाक्यं बोलायची आहेत, ‘इट टेक्स टाइम’चा साचा वापरून. सगळ्यांनी लिहिलं. एकीने ‘इट विल टेक यू टाइम टू’ एवढं लिहून पेन थांबवलं. साच्याप्रमाणे पुढे क्रियापद हवं. मी ‘रिकव्हर’ सुचवलं. ती म्हणाली, ‘‘आजारी तो नव्हता, सर.’’ ‘गेट ओव्हर इट’ सांगितलं. तो प्रयोग तिला गडग्यावरून उडी मारून पलीकडे गेल्यासारखा वाटला. असं कुणाच्या तोंडावर म्हणतात का? ‘कम टू टर्म्स’ म्हटल्यावर दुसरी म्हणाली, हे तर इन्शुरन्सच्या कागदावर असतं. मी विचारलं, इथे वॉर्डात तुम्ही काय म्हणता? ‘‘सावरायला वेळ लागेल. नाहीतर तेही नाही. पाणी देतो, खुर्ची देतो.’’ मग मागच्या बाकावरून सूचना आली की ‘टू’ खोडून टाकावा आणि पूर्णविराम द्यावा. त्यावर दोन तट पडले. परीक्षक मार्क कापेल म्हणणाऱ्या एकीकडे, आणि नातेवाईक ‘टू’ची वाट बघत उभा नसतो म्हणणाऱ्या दुसरीकडे. मला निर्णय मागितला गेला. मी पुढच्या तासाला सांगतो म्हणालो, तेव्हा पहिली हसून म्हणाली, ‘‘घ्या सर, वेळ घ्या. पण परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.’’